कृष्णवर्णीय सांस्कृतिक केंद्रे चालवणारी माणसे

मक्याचे_रान

अमेरिकेतील विद्यापीठांतल्या कृष्णवर्णीय सांस्कृतिक केंद्रांविषयी मराठीत जे थोडेफार वाचायला मिळते, ते ही केंद्रे मिळवून देणाऱ्या १९६८-६९ च्या विद्यार्थी आंदोलनांपाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. त्या आंदोलनांचे मोल मोठेच आहे. पण या धाग्यात मला त्यानंतरच्या पन्नास-पंचावन्न वर्षांबद्दल, म्हणजे केंद्र मिळाल्यावर रोज सकाळी त्याचे कुलूप उघडणाऱ्या माणसांबद्दल लिहायचे आहे.

मध्य-पश्चिमेतील एका सरकारी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मला तिथल्या केंद्राच्या ग्रंथालयात आठवड्याला दहा तासांचे काम मिळाले आणि ते मी दोन वर्षे केले. पुस्तके जागेवर लावणे, जुन्या कार्यक्रमांची पत्रके तारखेनुसार ठेवणे आणि ग्रंथपाल सुटीवर असतील तेव्हा टेबलापाशी बसणे, एवढेच माझे काम होते. केंद्रात कायम नोकरीवरची माणसे चार: संचालिका, कार्यक्रम समन्वयक, ग्रंथपाल आणि कार्यालय सांभाळणाऱ्या एक बाई. बाकी सगळे माझ्यासारखे अर्धवेळ विद्यार्थी. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात केंद्राचे काम 'सांस्कृतिक कार्यक्रमांचे आयोजन' असे दिलेले होते. ते खोटे नव्हते, परंतु त्या चौघांच्या दिवसाचा जेमतेम तिसरा हिस्सा त्यात येत असेल.

कार्यालयातल्या बाईंच्या टेबलाचा खालचा खण मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. त्यात सुई-दोरा, सेफ्टी पिना, डोकेदुखीच्या गोळ्या, बसचे पास आणि गरम पाणी ओतले की तयार होणाऱ्या नूडल्सचे डबे असत. महिनाअखेरीस नूडल्स लवकर संपत आणि त्या कोणाला काही न विचारता पुन्हा आणून ठेवत. त्यांच्या मागच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. कृष्णवर्णीयांचे केस नीट कापू शकणाऱ्या, वेण्या घालून देणाऱ्या गावातल्या आणि तासाभराच्या अंतरावरच्या माणसांची ती यादी होती. एखादे दुकान बंद झाले की त्या नावावर काट मारायची आणि नवे नाव बाजूला पेन्सिलीने लिहायचे. शिकागोहून किंवा डेट्रॉइटहून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला या गावात केस कापायला कुठे जायचे हे ठाऊक नसते, आणि विद्यापीठाच्या कोणत्याही पुस्तिकेत ते छापलेले नसते. मुले आधी त्या कागदासाठी येत. कार्यक्रमांना ती नंतर येऊ लागत.

संचालिकेचे काम याहून निराळे आणि अधिक दमवणारे. आर्थिक मदतीचा अर्ज अडकल्यामुळे ज्याची नोंदणी रद्द होण्याची वेळ आली आहे, असा मुलगा समोर बसलेला असताना त्या संबंधित कार्यालयाला स्वतः फोन लावत आणि उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवत नसत. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलांना कोणता कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा हे सांगणारे घरी कोणी नसते. तो आधार केंद्रातली ही माणसे देतात, आणि त्यांच्या नोकरीच्या वर्णनात त्याचा उल्लेखही नसतो.

दीर्घकाळ एका जागी टिकून राहिल्याने काय साधते, याचे मला ठाऊक असलेले चांगले उदाहरण इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाचे आहे. १९६८ च्या मे महिन्यात तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी कागदी पिशव्यांतून विटा नेऊन प्रशासकीय इमारतीच्या पायऱ्यांवर मांडल्या आणि आपल्या मागण्या पुढे ठेवल्या. १९६९ मध्ये केंद्र मंजूर झाले आणि पुढे एका जुन्या घरात सुरू झाले. १९७३ ते १९९५ अँटोनियो झमोरा संचालक होते आणि त्यांच्यानंतर रेनी थॉमस यांनी दोन दशकांहून अधिक काळ ते पद सांभाळले. आजची इमारत इंडियानापोलिसचे कृष्णवर्णीय वास्तुविशारद वॉल्टर ब्लॅकबर्न यांच्या आराखड्यावर बांधलेली असून ती १९९९ साली उभी राहिली, म्हणजे मागणीनंतर तीस वर्षांनी. ज्यांनी विटा मांडल्या त्यांची मुलेही तोवर कॉलेजात जाण्याच्या वयाची झाली असतील. विद्यार्थी चार वर्षांत निघून जातात, त्यामुळे मागणीचा धागा तीस वर्षे तुटू न देणे हे काम पगारी माणसांनाच करावे लागले.

तिथे ब्लॅक व्हॉइसेस ऑफ इन्स्पिरेशन हा गायकवृंद, जहारी हा नृत्यसंघ, हराका हा लेखकांचा गट आणि न्यू डायरेक्शनल प्लेअर्स हा नाट्यसंघ आहे. या गटांतली मुले अभ्यासदौऱ्यावर जातात, एखाद्या ठिकाणचा कृष्णवर्णीय इतिहास तिथे राहून समजून घेतात, आणि परतल्यावर त्यातून गाणे, नाच, कविता व नाटक उभे करतात. दौऱ्याची बस, राहण्याची सोय, परीक्षांच्या तारखा आणि तालमीची खोली यांचा मेळ कोणीतरी घालावा लागतो, आणि तो घालणारा माणूस मंचावर दिसत नाही.

ज्यांचा अशा केंद्रांशी संबंध आला आहे, त्यांनी तिथल्या माणसांविषयी जरूर लिहावे.

दक्षिणवारा

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी गेली अकरा वर्षे नॉर्थ कॅरोलायनात राहते, म्हणून चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या केंद्राबद्दल लिहिते.

तिथे कृष्णवर्णीय सांस्कृतिक केंद्र १९८८ मध्ये सुरू झाले, पण विद्यार्थी संघाच्या इमारतीतल्या तात्पुरत्या जागेत. त्यासाठी वर्षानुवर्षे आग्रह धरणाऱ्यांमध्ये सोन्या हेन्स स्टोन या प्राध्यापिका होत्या. आफ्रिकन व आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासक्रम त्यांनी वाढवला, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या त्या सल्लागार होत्या, आणि स्वतःची नोकरी कायम व्हावी म्हणूनही त्यांना झगडावे लागले. १९९१ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी ठरवले की केंद्राला स्वतंत्र इमारत हवी आणि तिला बाईंचेच नाव हवे. १९९२ मध्ये फुटबॉल संघातले खेळाडूही त्यात उतरले. चित्रपट दिग्दर्शक स्पाइक ली यांनी तिथे येऊन भाषण केले. कुलपती पॉल हार्डिन यांचा स्वतंत्र इमारतीला सुरुवातीला विरोध होता. कृष्णवर्णीय विद्यार्थी त्यामुळे वेगळे पडतील, असा आक्षेप त्या काळात सतत घेतला जात होता. इमारतीचे दार प्रत्यक्ष उघडले ते २००४ मध्ये.

धागाकर्त्यांचा मुद्दा इथेही लागू पडतो. १९९२ च्या सभेची छायाचित्रे सगळीकडे दिसतात, पण पुढची बारा वर्षे अपुऱ्या जागेत व्याख्याने, प्रदर्शने आणि शिकवण्या चालू ठेवणाऱ्यांचे छायाचित्र शोधूनही सापडत नाही. २००१ पासून जोसेफ जॉर्डन यांनी संचालकपद सांभाळले आणि ते तिथे जवळजवळ दोन दशके राहिले. आजच्या इमारतीत ग्रंथालय, कलादालन आणि सभागृह आहे. मी तिथे पहिल्यांदा गेले ती एका प्रदर्शनासाठी. दाराशी बसलेल्या विद्यार्थिनीने माझे नाव विचारले, त्याचा उच्चार नीट करून घेतला, आणि तीन महिन्यांनी मी पुन्हा गेले तेव्हा तिने मला त्याच नावाने हाक मारली. तिला तसे करायला कोणीतरी शिकवले असणार, असे मला तेव्हाही वाटले होते.

जवळच्याच ड्यूक विद्यापीठातले केंद्र १९८३ चे असून ते मेरी लू विल्यम्स यांच्या नावाने आहे. जॅझ पियानोवादनातल्या या थोर बाईंनी १९७७ पासून १९८१ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्या विद्यापीठात शिकवले.

जुनी_पाने

मी अभिलेखागारात काम करते, त्यामुळे नावांकडे माझे आधी लक्ष जाते. केंद्रांची नावे वाचली तर विद्यापीठाने कोणाला आत येऊ दिले आणि कोणाला अडवले याचा बराचसा इतिहास कळतो. इंडियाना विद्यापीठातल्या नील-मार्शल केंद्राच्या नावात १८९५ मध्ये तिथून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय पुरुष मार्सेलस नील आणि १९१९ मध्ये पदवी घेणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री फ्रान्सिस मार्शल आहेत. दोन नावांमध्ये चोवीस वर्षांचे अंतर आहे. मिसुरी विद्यापीठातल्या गेन्स-ओल्डहॅम केंद्रातले पहिले नाव लॉइड गेन्स यांचे. त्यांना वर्णावरून विधी महाविद्यालयात प्रवेश नाकारला गेला, १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते जिंकले, आणि १९३९ च्या मार्च महिन्यात शिकागोत एका संध्याकाळी घराबाहेर पडले ते परतलेच नाहीत. ज्या विद्यापीठात त्यांना एक दिवसही बसता आले नाही, तिथल्या दारावर आज त्यांचे नाव आहे. मेरीलँड विद्यापीठाच्या केंद्राला माणसाचे नावच नाही. 'न्युम्बुरू' हा शब्द स्वाहिलीतल्या घर आणि स्वातंत्र्य या अर्थांच्या दोन शब्दांपासून जोडलेला आहे.

मात्र धागाकर्त्यांच्या लिहिण्यात एक भर घालावीशी वाटते. चालवणाऱ्यांची नावे कुठेच लागत नाहीत, असे मात्र नाही. इलिनॉय विद्यापीठातले १९६९ मध्ये स्थापन झालेले केंद्र आज ब्रूस नेस्बिट यांच्या नावाने ओळखले जाते, आणि नेस्बिट हे तिथले अनेक वर्षांचे संचालकच होते. ओरेगॉन विद्यापीठात २०१९ मध्ये उघडलेल्या केंद्राला लायली रेनल्ड्स-पार्कर यांचे नाव आहे. त्या तिथल्याच माजी विद्यार्थिनी, आणि नंतर कितीतरी वर्षे विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम निवडण्यापासून घरच्या अडचणींपर्यंत सल्ला देणाऱ्या कर्मचारी. देणगीदाराचे किंवा कुलपतींचे नाव बाजूला ठेवून सल्लागार बाईंचे नाव इमारतीला द्यावे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

कागदपत्रांविषयी माझा अनुभव फारसा चांगला नाही. वार्षिक अहवाल टिकतात, कारण ते वरच्या कार्यालयात जातात. संचालकांच्या टेबलावरच्या चिठ्ठ्या, फोनच्या नोंदी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वह्या इमारत बदलताना कचऱ्यात जातात. तुमच्या केंद्रात या वह्या होत्या का?

प्रश्नार्थक

चर्चा मन लावून वाचतो आहे. दोन शंका आहेत आणि त्या आकसाने विचारत नाही, हे आधीच सांगतो. पहिली, एका समाजाचे वेगळे केंद्र असल्याने बाकीचे विद्यार्थी तिकडे फिरकत नाहीत असे होत नाही का? दुसरी, या लोकांचा पगार कोण देते आणि ते कोणाला उत्तरदायी असतात?

मक्याचे_रान

@जुनी_पाने, नेस्बिट यांच्या नावाची आठवण करून दिलीत हे फार चांगले झाले. वह्यांबद्दल खाली लिहिते.

@प्रश्नार्थक, पहिल्या शंकेचे उत्तर मी स्वतःच आहे. सांगलीहून आलेली मुलगी तिथे दोन वर्षे काम करत होती आणि मी तिथे का आले हे मला कोणी विचारले नाही. ही केंद्रे सर्वांना खुली असतात. गायनाच्या तालमीला कोरियन आणि मेक्सिकन मुले येत, आणि व्याख्यानांना गावातले निवृत्त शिक्षक येत. फरक इतकाच की विद्यापीठातल्या इतर सगळ्या इमारतींत कृष्णवर्णीय मुले संख्येने थोडी असतात आणि तिथे नसतात. वर्गात चाळीसजणांत एकटे बसून आल्यावर, आपण कोण हे समजावून सांगावे लागणार नाही अशी एक खोली त्यांना हवी असते. परदेशात मराठी मंडळाच्या गणपतीला जाणाऱ्या कोणालाही हे उमगेल, फक्त आपल्यापैकी बहुतेकजण इथे स्वखुशीने आलेले असतात, हा मोठा फरक विसरता येत नाही.

दुसऱ्या शंकेत खरी गोम आहे. पगार विद्यापीठ देते. संचालक बहुधा विद्यार्थी-कल्याण विभागाच्या किंवा विविधता विभागाच्या उपाध्यक्षांच्या हाताखाली असतात. प्राध्यापकांना असते तसे कायमपदाचे संरक्षण त्यांना सहसा नसते, त्यामुळे वरची व्यक्ती बदलली की केंद्राचे दिवसही बदलू शकतात. शिवाय त्यांना दोन्हीकडे तोंड द्यावे लागते. विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला तर प्रशासनाची अपेक्षा असते की संचालकांनी मुलांना शांत करावे, आणि मुलांची अपेक्षा असते की संचालकांनी मोर्चाच्या पुढे चालावे. आमच्या संचालिका अशा दिवशी पाण्याच्या बाटल्या भरून दारापाशी ठेवत आणि संध्याकाळी कार्यालयात दिवा लावून थांबत. त्यांनी कोणाची बाजू घेतली हे ज्याला कळायचे त्याला कळत असे.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी समन्वयक नोकरी सोडून गेले आणि ती जागा चौदा महिने भरली गेली नाही. जाहिरातच निघाली नाही. त्या काळात कार्यक्रम एकही कमी झाला नाही, कारण उरलेल्या तिघांनी काम वाटून घेतले, आणि मग कार्यक्रम तर नीट चाललेच आहेत असे म्हणून ती जागा अनावश्यक ठरवण्याची भाषा सुरू झाली. याचा राग मला आजही येतो.

विद्यार्थ्यांनी लक्ष ठेवले तर काय होते, याचे उदाहरण नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आहे. १९६८ च्या मे महिन्यात शंभराहून अधिक कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी तिथल्या बर्सर कार्यालयाचा, म्हणजे फी भरण्याच्या कार्यालयाचा, अडतीस तास ताबा घेतला होता आणि त्यातून ब्लॅक हाउस हे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे केंद्र मिळाले होते. २०१५ मध्ये त्याच घरात प्रशासनाची इतर कार्यालये हलवण्याचा बेत जाहीर झाला. विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्याबरोबर जुन्या माजी विद्यार्थ्यांनी इतका ठाम विरोध केला की तो बेत मागे घ्यावा लागला.

मीठसरोवर

मी सॉल्ट लेक सिटीत राहतो. आमच्याकडे विरोध पुरेसा पडला नाही.

युटा विद्यापीठात कृष्णवर्णीय सांस्कृतिक केंद्र २०१९ मध्ये उघडले होते, म्हणजे पर्ड्यूनंतर पन्नास वर्षांनी. २०२४ च्या जानेवारीत राज्याने विविधता आणि समावेशनाच्या कार्यालयांविरुद्ध कायदा केला, १ जुलैपासून तो लागू झाला, आणि त्याच उन्हाळ्यात हे केंद्र बंद झाले. पाच वर्षे पुरी झाली न झाली. त्या वर्षी मी एका ओळखीच्या विद्यार्थिनीला सामान हलवायला मदत करत होतो. ती सांगत होती की आता सल्ल्यासाठी सर्वांसाठीच्या सामायिक कार्यालयात जावे असे कळवण्यात आले आहे. तिथली माणसे वाईट नाहीत, नीट बोलतात, पण प्रत्येक वेळी समोर नवी व्यक्ती असते आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगावे लागते. सेवा चालूच आहेत असे म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही. कागदावर सेवा चालू असते, पण त्या मुलीला ओळखणारा माणूस तिथे नसतो.

टेक्ससमध्ये असा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला आणि अलाबामात त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून. जिथे केंद्रे उरली आहेत तिथली माणसे आपले काम कोणत्या शब्दांत मांडायचे याची रोज काळजी करतात. तो ताणही त्यांच्या कामात धरला पाहिजे.

वडाळा_ते_ठाणे

या विषयाचा महाराष्ट्राशी जो खरा संबंध आहे तेवढाच सांगतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामगिरी मोडण्यासाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले आणि डुबॉइस यांनी त्याला उत्तर दिले. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी दलित पँथरचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतले, आणि त्यांचा राबता होता वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात. माझे वडील त्या काळी तिथे जात असत. नेत्यांबद्दल त्यांनी मला फार सांगितले नाही. रात्री उशिरा आलेल्या पाहुण्याला अंथरूण कोण देत असे आणि उधारीवर चहा कोण पाजत असे, ते मात्र नावानिशी सांगितले. धागा वाचताना तेच आठवले.

नवखा_विद्यार्थी

मी या ऑगस्टमध्ये इंडियानात शिकायला जात आहे. मला केंद्राच्या ग्रंथालयात जाता येईल का? तिथे गेल्यावर आगाऊपणा वाटेल असे काही माझ्या हातून होऊ नये, म्हणून विचारतो.

मक्याचे_रान

जरूर जा. आधी ग्रंथालयात जा, कारण तिथे जायला कारण लागत नाही. दाराशी नोंद करायला सांगितले तर करा. तालमीच्या दिवशी गेलात तर संपल्यावर खुर्च्या उचलायला थांबा, ओळख त्यातूनच होते. आपल्या जातीच्या प्रश्नाविषयी तुम्हाला कोणी विचारले तर ठाऊक असेल तेवढे खरेखरे सांगा. मला विचारले होते, आणि तेव्हा मला स्वतःच्या घराविषयी काही गोष्टी पहिल्यांदा मोठ्याने बोलाव्या लागल्या.

@जुनी_पाने, वह्या होत्या. निळ्या कापडी पुठ्ठ्याच्या, १९७० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या. नाव, तारीख, वेळ आणि शेवटच्या रकान्यात येण्याचे कारण. पुष्कळांनी त्या रकान्यात 'अभ्यास' असे लिहिले आहे, काहींनी 'जेवण', आणि एका मुलाने एका हिवाळ्यात ओळीने सतरा दिवस नुसते 'ऊब' असे लिहिले आहे. ग्रंथपालांनी त्या वह्या दोनदा कचऱ्यातून परत आणल्या होत्या. मी तिथे असताना आम्ही पहिल्या नऊ वह्यांची पाने स्कॅन केली, बाकीच्या राहिल्या.

कार्यालयातल्या बाई मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. परवा फोनवर बोलताना मी त्यांना वह्यांविषयी विचारले, तर त्यांना त्या मुलाची आठवण होती. त्याच्या भाड्याच्या खोलीतली शेगडी बिघडली होती आणि घरमालक दुरुस्त करत नव्हता, म्हणून त्या महिन्यात त्या केंद्र तासभर आधी उघडत असत. त्याची नोंद कुठे केली होती का, असे मी विचारले. तो तास त्यांनी कधीच लिहून ठेवला नव्हता. येत्या शनिवारी मी त्यांच्याकडे ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन जाणार आहे. तुम्हाला काही विचारायचे असेल तर शुक्रवारपर्यंत इथे लिहा.